म्हशीमार्फत निरोप

माझ्या नोकरीत मी माणसांपेक्षा उंबरे जास्त पाहिले. हे वाचून कुणाला वाटेल, बाई दारोदार काही विकत फिरत होती. तसं नाही. मी हाडांच्या दवाखान्यातली नर्स. पारोळ्याकडच्या एका लहानशा ट्रस्टच्या दवाखान्यात ऐंशीच्या दशकात लागले आणि नव्वदचं दशक सरता सरता घरी बसले. मधल्या बढत्या आणि रजा यांत वाचणाऱ्याला रस नसणार. खरं सांगायचं तर मलाही नव्हता. फराळाचं ताट बाजूला ठेवून वाचावं असं माझ्यापाशी एकच आहे. म्हातारी माणसं कशी पडतात, आणि कधीकधी कशी पडत नाहीत.

लोकांना वाटतं, हाड मोडायला मोठा अपघात लागतो. विहीर, झाड, ट्रॅक्टर असं काहीतरी. तरुणांचं तसंच असतं. पण साठी ओलांडलेला माणूस घरातच पडतो, आणि जिथून रोज जातो त्याच जागी पडतो. न्हाणीतल्या शेवाळलेल्या दगडावर पडतो, उंबऱ्याला ठेच लागून पडतो, धाब्याच्या शिडीवरून पडतो. आमच्या खानदेशात घरावर मातीचं सपाट धाबं असतं. उन्हाळ्यात तिथे पापड, कुरडया, मिरच्या वाळतात. सून वर जाऊ शकते, पण पापड कधी उलटायचा हे सुनेला काय कळतंय, म्हणून सत्तरीची सासू स्वतः शिडी चढते. आमच्याकडे नियमही धाब्यावर आणि सासूबाईही धाब्यावर.

माझा स्वभाव तिखट आहे. त्याला कारण माझे वडील. ते भुसावळला रेल्वेत सांधेवाले होते. घरात पायताण वाटेत पडलेलं दिसलं तरी ते गाडी रुळावरून घसरल्यासारखे ओरडायचे. त्यांच्या हाताखाली वाढलेली मुलगी दवाखान्यात आली, तेव्हा पेशंटला पहिला प्रश्न 'कुठे दुखतंय' हा नसायचा, 'कुठे पडलात' हा असायचा. आमचे डॉक्टर हसायचे. म्हणायचे, "सिस्टर, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं."

प्लास्टर करणं ही काही जादू नाही. जाळीच्या पट्टीवर चढवलेली पांढरी भुकटी असते. पट्टी पाण्यात बुडवायची, अलगद पिळायची, डॉक्टरांनी हाड जागेवर बसवलं की गुंडाळायची आणि घट्ट होईपर्यंत तो हात धरून बसायचं. घट्ट होताना प्लास्टर गरम होतं. हे आधी सांगितलं नाही तर म्हातारा खोली डोक्यावर घेतो. "बाई, हात भाजी ऱ्हायना मना!" मग त्याला सांगायचं, आबा, भाजत नाही, शेकतंय. शेकणं म्हटलं की सगळ्यांना बरं वाटतं.

गोजरअक्का मला अशीच भेटली. आखाजी जवळ आली होती. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. तेव्हा लेकी माहेरी येतात आणि निंबाला झोके बांधतात. खानदेशात या सणाला नातवंडांची आजीही माहेरवाशीणच असते. गोजरअक्का झोक्यावर उभी राहिली, आणि उतरताना मनगटावर आपटली. आम्ही प्लास्टर घातलं, पाणी लावू नका म्हणून बजावलं. सण झाल्यावर ती दाखवायला आली, तर प्लास्टर पुरणासारखं मऊ. चौकशी केली. घरात खापराची पुरणपोळी तिच्याशिवाय कुणाला जमत नव्हती. ती पोळी पाटावर लाटत नाहीत. पुरण भरलेला सैल उंडा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत वाढवतात आणि चुलीवरच्या उपड्या खापरावर टाकतात. अक्काने प्लास्टरच्या हातावर घरभराच्या पोळ्या झुलवल्या होत्या, आणि नंतर तो हात स्वच्छ धुतला होता.

डॉक्टर भडकले. अक्का शांतपणे म्हणाली, "हात मोडना म्हनीसन आखाजी मोडू का?"

डॉक्टरांनी पुन्हा पट्टी भिजवायला सांगितली. दुसरं प्लास्टर घातलं. मनगट जरा वाकडं जुळलं, पण जुळलं. पुढच्या आखाजीला तिने मला डबा पाठवला. पोळी अगदी गोल होती.

पारोळ्याच्या बाजारपेठेतले एक मारवाडी शेठजीही आमचे जुने गिऱ्हाईक. दिवसभर गादीवर मांडी घालून बसायचे. मोठं गिऱ्हाईक आलं की झटकन उठायचे, आणि मुंग्या आलेला पाय दगा द्यायचा. एकदा खांदा निखळला, एकदा बरगडी मुका मार खाऊन सुजली. मी त्यांना म्हटलं, शेठजी, उठायच्या आधी पाय सोडून बसा, एक नवकार मंत्र म्हणा, मग उठा. त्यांनी ते मनापासून धरलं. गिऱ्हाईक दारात उभं, आणि शेठजी पाय पसरून डोळे मिटून नवकार म्हणताहेत! दुकानातली माणसं हसायची. शेठजी पुन्हा कधी पडले नाहीत. देवाचं नाव घेतल्याने म्हणा किंवा पायात रक्त उतरल्याने म्हणा, मला दोन्ही मान्य होतं.

या माणसांमुळेच मी डॉक्टरांच्या मागे लागले, की नुसती हाडं जोडून घरी पाठवण्यात अर्थ नाही. ज्या उंबऱ्याने पाडलं तो उंबरा तिथेच असतो. मग दर गुरुवारी मला घरभेटीला सोडायचं ठरलं. एस.टी.ने जायचं, गेल्या महिन्यात सोडलेले पेशंट पाहायचे, आणि त्यांचं घर पाहायचं. गावातले लोक म्हणत, बाई पेशंटपेक्षा न्हाणीच जास्त वेळ तपासते. ते खरंच होतं.

अशाच एका गुरुवारी मी हिलालआबांच्या घरी गेले.

आबा सत्तरीपुढचे, उंच, खणखणीत आवाजाचे. न्हाणीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेलं. धुळ्याला नेऊन ऑपरेशन केलं होतं, पट्टी आणि स्क्रू टाकले होते, आणि पुढची देखभाल आमच्याकडे होती. आमच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडाकडे धरून त्यांच्या मुलाला, भगवानला, स्पष्ट सांगितलं होतं, "हाड पोखरलेल्या लाकडासारखं झालंय. या वेळी स्क्रू बसला. आबा पुन्हा पडले तर बसणार नाही." म्हणजे काय, ते मी ओसरीत बसून भगवानला फोड करून सांगितलं. म्हातारा माणूस बाजेला खिळला की पाठीला जखमा होतात, छातीत कफ भरतो, आणि मग तो बाजेवरून उठत नाही. भगवान मान खाली घालून ऐकत होता. तो दीपनगरला वीज केंद्रात कामाला होता, सुट्टीला तेवढा घरी यायचा. आबांची बायको आधीच गेली होती. म्हणजे घरात राहायची दोनच माणसं, आबा आणि सून विमल.

आणि ही दोन माणसं एकमेकांशी बोलत नव्हती.

भांडण नव्हतं, उलट फार मान होता. त्या घराची रीत अशी, की सुनेने सासऱ्यासमोर पदर हनुवटीपर्यंत ओढायचा आणि त्याच्याशी थेट शब्द बोलायचा नाही. सासऱ्यानेही घरात येताना खाकरायचं, म्हणजे सून पदर सावरेल. सासू होती तोवर मधे बोलायला माणूस होतं. ती गेल्यावर ते काम म्हशीकडे आलं.

मी पहिल्या भेटीला आबांचा पाय तपासत होते. तेवढ्यात चुलीपासून उठून विमल ओसरीच्या टोकाला आली, अंगणातल्या म्हशीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "आबाले सांगी दे, च्या थंडा व्हई ऱ्हायना."

आबाही म्हशीकडेच पाहत म्हणाले, "सांगी दे तिले, येस मी."

म्हैस रवंथ करत होती. मला आधी वाटलं, ऊन लागलं की काय या घराला. मग उमजलं, आणि हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली. या घरात मीठ कमी आहे, धोतर वाळलंय, पाहुणे आलेत, सगळं म्हशीमार्फत कळायचं. म्हैस मोठी विश्वासू. एकही निरोप तिने कधी बदलला नाही.

मी माझं काम सुरू केलं. न्हाणीतला दगड खरवडून घेतला. उंबऱ्याला चुन्याचा पट्टा ओढला, म्हणजे पहाटे दिसेल. बाज बुटकी होती, तिच्या पायांखाली विटा लावून घेतल्या. आबांनी सगळं करू दिलं. पण शेवटचं एक राहिलं. चालताना त्यांना मागून कुणीतरी धरायला हवं होतं, निदान पाय पक्का होईपर्यंत. मी विचारलं, "आबा, उठताना कोण धरतं?"

"धरस ना, भित धरस मी."

भिंत संपल्यावर काय करता, असं विचारलं तर म्हणाले, "मंग देव धरस."

धरण्यासारखं माणूस घरात एकच होतं, आणि सुनेने सासऱ्याचा हात धरायचा म्हणजे काय! शेजारच्या बायकांनी तोंडाला पदर लावला. भगवानला सुट्टीत गाठून बोलले, तर तो म्हणाला, "सिस्टर, तेवढं सोडीसन बाकी बठ्ठं सांगा, करसू." विमल चुलीपाशीच राहिली. पण मी निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "बाई, आबा काठी टेकतस ना, ते आवाज मी मोजत ऱ्हास. आवाज बंद झाया का मना जीव उडी जास." तेव्हा मला कळलं, की त्या घरात आबांपेक्षा जास्त भीती तिलाच होती. आबा पडले असते तर ते तिच्या एकटीच्या डोळ्यांदेखत पडले असते, आणि तिला हात पुढे करता आला नसता.

मी बसमध्ये विचार करत बसले आणि एक युक्ती निघाली. पुढच्या गुरुवारी आबांना म्हटलं, कमरेला उपरणं घट्ट बांधा. मागून सुनेने त्याचं टोक धरायचं. अंगाला हात नाही, तोंडाला तोंड नाही. तोल गेला तर मागून ओढ बसेल आणि तुम्ही सावराल. ही युक्ती आजही मी कुणालाही सांगते, फार उपयोगी आहे.

आबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "मी काय बैल शे का, कासरा बांधाले?"

गल्ली हसली. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "बैल असतात तर बरं झालं असतं आबा, बैल सांगितलेलं ऐकतो तरी."

आबाही हसले. राग धरणारा माणूस नव्हे तो. पण ऐकलं नाही ते नाहीच. म्हणाले, "बाई, पडनू ते पडनू. पन मन्या पायी तिनी मर्यादा मोडाले नको." आणि मी माझी पिशवी उचलली, कारण हा हट्ट स्वतःसाठी नव्हता. परत येताना मी डॉक्टरांना म्हटलं, हा माणूस आपल्या हातून जाणार. इतकी निराश मी त्या नोकरीत क्वचितच झाले असेन.

त्यानंतरचा गुरुवार सणाच्या तोंडावर आला. मी सकाळच्याच गाडीने पोचले. आबांच्या घराचं फाटक उघडलं आणि पाहिलं, तर विमल ओसरी सारवत होती. सारवण म्हणजे माहीत असेलच, शेण आणि माती पाण्यात कालवून हाताने जमीन लिंपायची. वाळलं की गालिच्यासारखं छान, पण ओलं असताना लोण्यासारखं. तरण्या पायांनाही त्यावर सांभाळून चालावं लागतं.

विमल एरवी अशा वेळी म्हशीला सांगायची, "ओसरी वली शे, आबाले सांगी दे, उठू नका." पण सण जवळ आला म्हणून गोठाही धुवायचा होता, आणि म्हैस तिने भल्या सकाळी मागच्या आवारात नेऊन बांधली होती. सांगायला कुणी उरलं नव्हतं. तिने पुढे मला सांगितलं, की ती घमेलं हातात धरून बराच वेळ उभी होती, निरोप कुणाला द्यावा म्हणून. शेवटी तिने चुलीला सांगितलं. आबा झोपलेले होते, आणि चुलीला म्हशीसारखा मान नव्हता, की तिच्याकडून आलेलं आबांनी ऐकावं.

मी फाटकातून आत पाऊल टाकलं, तेव्हा आबा उंबरा ओलांडून ओसरीवर आलेले होते. चुन्याचा पट्टा पाहून पाय व्यवस्थित उचलला होता. दुसरं पाऊल ओल्या सारवणावर. काठी पुढे टेकवली आणि काठीचं टोक सरकलं. मी ते सरकताना पाहिलं. हाताशी भिंत नव्हती, खांबही लांब होता. विमल दुसऱ्या कोपऱ्यात उकिडवी बसलेली, पाठमोरी. मी ओरडणार तेवढ्यात तिनेच मान वळवली.

"आबा! हालू नका!"

असा आवाज मी त्या घरात कधी ऐकला नव्हता. आबांनी तर नव्हताच ऐकला. लग्न होऊन सून घरात आल्यापासून पहिल्यांदा तिने त्यांना हाक मारली होती. आबा जागच्या जागी थिजले. काठी अर्धवट वर, एक टाच उचललेली, पण अंग स्थिर. माझी खात्री आहे, ते थिजले म्हणूनच वाचले. मी ओरडले असते तर त्यांनी 'काय वं बाई' म्हणत वळून पाहिलं असतं आणि गेले असते.

मी धावले. आणि इतकी वर्षं सगळ्या तालुक्याला 'ओल्यावर धावू नका' सांगणारी मी ओसरीच्या कडेलाच सपशेल घसरले आणि शेणात बसले. त्या दिवशी त्या ओसरीवरून पडलेलं माणूस मी एकटीच. लागलं काही नाही, पातळ मात्र कायमचं गेलं.

विमल धावली नाही. पायाची बोटं सारवणात रोवत ती सरळ आबांपाशी गेली आणि शेणाने भरलेल्या दोन्ही हातांनी त्यांचे दंड घट्ट धरले. त्या ओढाताणीत तिचा पदर डोक्यावरून घसरला आणि खांद्यावर पडला. हात मोकळे नव्हते. चेहरा उघडा, केस उघडे, आणि सासरा समोर वीतभर अंतरावर.

आबांनी डोळे मिटून घेतले.

मी खालून किंचाळले, "आबा, डोळे उघडा! पडाल!" त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. एक पाय स्क्रूवर उभा, खाली ओलं शेण, आणि हा माणूस सुनेची मर्यादा राखायला आंधळा झालेला! मला त्या घटकेला त्यांचा इतका राग आला, की आठवलं तरी हसू येतं.

विमल मात्र गडबडली नाही. "मांगे सरका, आबा," ती म्हणाली. "धीरे. डावा पाय आधी. मी धरेल शे." आबांनी पाय मागे घेतला. "आते उंबरा उना. पाय उचला. आखो थोडा." ती बोलत होती आणि तो थोरला माणूस लहान पोरासारखा एकेक पाऊल टाकत होता. मी दर गुरुवारी ओसरीत बसून जे सांगत होते, तेच शब्द न् शब्द ती सांगत होती. पदराआडून तिने सगळं ऐकून ठेवलं होतं.

गावात पुढे दोन दिवस कुजबुज झाली. भगवान सुट्टीला आला, तेव्हा कुणीतरी त्यालाही ऐकवलं. तो एवढंच म्हणाला, "मना बाप उभा शे ना? मंग झाया." आबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले, पुन्हा पडले नाहीत, आणि गेले ते म्हातारपणाने, झोपेत, खुबा शाबूत ठेवून. पण ते सगळं पुढचं.

त्या सकाळी मी शेणाचे हात धुऊन आत गेले, तेव्हा विमलने त्यांना बाजेवर टेकवलं होतं. त्यांच्या पांढऱ्या बंडीच्या दोन्ही बाह्यांवर तिच्या बोटांचे ठसे उमटले होते. ती दोन पावलं मागे सरून हातांवरचं शेण निपटत उभी होती. आबांचे डोळे अजून मिटलेलेच. मिटल्या पापण्यांतून पाणी मात्र खाली गालावर आलं होतं. मला वाटलं, आता हे मला काहीतरी विचारतील, मग मी तिला सांगेन. मी पुढे झाले. पण त्यांनी हाताने मला थांबवलं आणि जिकडून तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता तिकडे तोंड वळवलं.

"बेटी," ते म्हणाले, "पदर लिधा का? डोया उघाडू का?"

विमलने ओल्या हाताने पदर डोक्यावर घेतला. तोंडापुढे ओढायला हात गेला, मधेच थांबला, आणि तिने तो तसाच कपाळावर राहू दिला.

"हां आबा," ती म्हणाली. "उघाडा."